हात न लावलेलं बाळ

डॉक्टरबाईंनी स्टीलच्या ताटलीत मूठभर नाचणी ओतली आणि ताटली मुक्तासमोर सरकवली. मुक्ता तेव्हा अकरा महिन्यांची होती आणि माझ्या मांडीत टेकून बसली होती, कारण आपणहून बसणं तिला जमत नव्हतं. डॉक्टरबाईंनी तिच्या उजव्या हाताचा सुती हातमोजा काढला, आवळलेली मूठ हळूच उघडली आणि बोटं नाचणीवर टेकवली.

मुक्ता अशी किंचाळली की बाहेर नंबर लावून बसलेल्या एका गृहस्थांनी दार उघडून आत पाहिलं. तिनं अंगाची कमान केली, मान मागे टाकली आणि श्वास कोंडून धरला. तो सुटेपर्यंत माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

‘‘घरी हिची आंघोळ कशी होते?’’ डॉक्टरबाईंनी विचारलं.

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. मी पिशवीतून फाइल काढली. म्हैसूरजवळ कडकोळला डोळ्यांत घालायच्या थेंबांचा कारखाना आहे, तिथं मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. निर्जंतुक खोलीत एकही जंतू शिरू नये यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं हे माझं काम. तेव्हा फाइल असणारच. मी घडाघडा सांगत सुटले. कोपरापर्यंत हात धुणं, मास्क, हातमोजे. आंघोळीचं पाणी उकळून निववलेलं. दूध पंपानं काढून उकळलेल्या बाटलीतून. कपडे दोन्ही बाजूंनी इस्त्री केलेले. पाहुणे बंद. मुक्ताच्याही हातापायांत मोजे, म्हणजे ती हात तोंडात घालणार नाही. खरं सांगते, मला शाबासकीची अपेक्षा होती.

डॉक्टरबाईंनी चार पानं उलटली. ‘‘ग्लोव्ह्ज न घालता तुम्ही हिला शेवटचं कधी घेतलं?’’

‘‘हॉस्पिटलमध्ये,’’ मी म्हणाले. ‘‘ती सोळा दिवसांची होती तेव्हा.’’

हे मी प्रमाणपत्र दाखवावं तशा आवाजात म्हणाले होते. तो आवाज अजून माझ्या कानांतून जात नाही.

त्या दिवशी मुक्ताच्या कागदावर दोन नावं लिहिली गेली. पहिलं ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’, म्हणजे बसणं, पकडणं, बोलणं, ओळखणं अशा सगळ्याच बाबतींत बाळ मागे असणं. दुसरं ‘टॅक्टाइल डिफेन्सिव्हनेस’, म्हणजे साध्या स्पर्शाचीही भीती. डॉक्टरबाईंनी समजावलं, ‘‘हिची त्वचा मेंदूला बातमी पाठवते. पण मेंदूला अशा बातम्यांची सवयच नाही, म्हणून तो प्रत्येक बातमी वाईट आहे असं धरून चालतो.’’

मग त्यांनी मुक्ताचे पायमोजे काढले आणि अंगठ्यानं तळपाय दाबले. मी कान झाकायच्या तयारीत होते. मुक्ता रडली नाही. तिनं पायाची बोटं पसरली आणि पाय डॉक्टरबाईंच्या हातात तसाच राहू दिला.

‘‘पायांना कोणीतरी हात लावतंय,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या.

‘‘कोणीही नाही,’’ मी ठामपणे म्हणाले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्या उगाचच पदर नीट करू लागल्या.

हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगायला हवं. मुक्ता दहा आठवडे आधी जन्मली. मी मूळची सांगलीची, लग्न करून म्हैसूरला आले. माझे सासरचे लोक मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. आता सरस्वतीपुरममध्ये दोन खोल्या आणि गच्ची, एवढंच राज्य. नवरा, रघु, हेब्बाळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सासूबाईंना घरीदारी सगळे अम्मा म्हणतात, मीही म्हणते.

मुक्ताला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि पेटीवर पाटी होती, ‘मिनिमल हँडलिंग’. बाळाला गरजेपुरताच हात लावा, असा तिचा अर्थ. बारा दिवसांनी सिस्टरनी पाटी काढली आणि मला ‘कांगारू केअर’ शिकवलं. उघड्या छातीवर बाळ उघडंच ठेवायचं, वरून पांघरूण घ्यायचं आणि तासभर स्वस्थ बसायचं. मी चार दिवस बसले. मुक्ताचं वजन माझ्या छातीवर भिजलेल्या रुमालाएवढं लागायचं. ते चार दिवस मी कोणालाही दिले नसते.

पाचव्या दिवशी तिला ‘सेप्सिस’ झाला. म्हणजे रक्तात जंतू पसरले. ती दूध पचवेना, श्वास मधेच थांबू लागला. रक्ताचा ‘कल्चर’ रिपोर्ट आला. त्यात कुठला जंतू सापडला ते लिहिलेलं असतं. इतर आयांना त्या रिपोर्टमधलं काही कळलं नसतं आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं असतं. मला कळलं. माणसाच्या कातडीवर सुखानं नांदणारा जंतू होता तो. आमच्या कारखान्यात तो सापडला की आम्ही दुसरीकडे बघतच नाही. तिथं काम करणाऱ्या माणसाच्या कातडीवरून आला, असं लिहितो आणि त्या माणसाला खोलीबाहेर काढतो.

मी स्वतःला बाहेर काढलं. डॉक्टरांना एक शब्द विचारला नाही. विचारायचं काय? मुक्ताला फक्त माझ्या कातडीवर ठेवलं होतं. सिस्टर पुन्हा कांगारू केअरला बोलवायला आल्या तेव्हा मला खोकला आहे असं सांगितलं. पुढं रोज काही ना काही सांगत गेले.

सात आठवड्यांनी बाळ घरी आलं आणि मी घराचा कारखाना केला. रघुला ज्या बाईंनी लहानपणी तेल लावून न्हाऊ घातलं होतं त्या नंजम्मा आता सत्तरीच्या पुढं गेल्या होत्या, तरी शेजारणीचा हात धरून आल्या. मी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. त्या फाटकाला नमस्कार करून गेल्या. अम्मा मात्र बोलल्या.

‘‘अय्यो, हात न लावता मगू वाढतंय काय ग? सुम्ने, नुसतं पाळण्यात ठेवून द्यायला ते काय लोणचं आहे?’’

‘‘अम्मा, तुम्हाला ती जिवंत हवी आहे ना?’’ मी म्हणाले.

रघु कंपनीच्या बसमधून उतरला की आधी आंघोळ करायचा, मग मास्क लावून दारातून मुलीला हात करायचा. आपली बायको या विषयातली जाणकार आहे, यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. लस द्यायला नेलं की तिथले डॉक्टर म्हणायचे, लवकर जन्मलेली बाळं थोडी मागे असतात, वाट बघा. मी वाट बघत होते. मुक्ताला एकदाही सर्दी झाली नाही, याची नोंदही फाइलमध्ये आहे.

तर, त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो. अम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘तू कडकोळला गेलीस की मी पायमोजे काढत होते ग. कोब्बरी एण्णे स्वल्प हातावर घेऊन चोळत होते. फक्त पाय. वरती कुठं हात लावला नाही, देवाशप्पत. काय करू? बघत बसवेना.’’

खोबरेल तेल. मी कामावर परत रुजू झाले तेव्हापासून, म्हणजे चार महिने रोज.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या माघारी, माझ्या घरात, माझे नियम! मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की माझ्या मुलीच्या अख्ख्या शरीरात फक्त तळपाय शहाणे झाले आहेत, आणि तेवढ्याच जागी माझा नियम मोडला गेला आहे. मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. अम्मांची माफी मागायला मला आणखी तीन दिवस लागले. तीही धड मागता आली नाही. ‘‘उद्यापासून गुडघ्यापर्यंत लावा,’’ एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ‘एमआरआय’ झाला. मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपवून मेंदूची चित्रं काढतात, आणि लहान बाळ हलू नये म्हणून त्याला झोपेचं औषध देतात. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखीच सहा-सात कुटुंबं होती. एक आजी सगळ्यांना केळी वाटत होती. मी घेतलं नाही. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि पुढं गेली.

रिपोर्टमध्ये होतं ‘पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया’. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांभोवतीचे धागे, जे पायांकडे निरोप नेतात, ते लवकर जन्मलेल्या काही बाळांत दुखावतात आणि भरून येत नाहीत. मुक्ताचे पाय ताठ राहणार होते. ‘‘चालेल का?’’ रघुनं विचारलं. ‘‘आधारानं चालण्याची आशा ठेवू. आत्ता त्याहून जास्त सांगितलं तर ते खोटं ठरेल,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी विचारलं, ‘‘यातलं मेंदूतल्या या इजेमुळे किती आणि माझ्यामुळे किती?’’

‘‘पाय तुमच्यामुळे नाहीत. हातांची भीती, मुठी, खाण्याचा त्रास, यात दोन्ही मिसळलेलं आहे. त्याची वाटणी करता येत नाही.’’

मोजता येत नाही ते मान्य करायचं नाही, असं मी पंधरा वर्षं शिकले आणि हाताखालच्या मुलींना शिकवलं. अर्धा दोष माझा, असं कोणी सांगितलं असतं तर मी तो घेतला असता. पाऊण म्हटलं असतं तरी घेतला असता. आकडाच नाही म्हटल्यावर तो रोज वेगळा होतो. एखाद्या सकाळी मी निर्दोष असते आणि दुपारी डबा उघडेपर्यंत सगळा दोष माझा होतो.

निघताना मी जुन्या सेप्सिसबद्दल विचारलं. डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘हा जंतू बहुतेक वेळा सलाइनच्या नळीवाटे जातो. कांगारू केअरनं अशी बाळं उलट सावरतात. तुमच्यामुळे झालं असं तुम्हाला कोणी सांगितलं?’’

कोणीच नाही. माझं मीच लिहिलं होतं आणि माझी मीच सही केली होती.

मग थेरपी सुरू झाली. रश्मी नावाची तरुण ऑक्युपेशनल थेरपिस्ट आमच्या घराजवळच्या केंद्रात होती. बाळाला रोजची कामं करता यावीत म्हणून हात, अंग, इंद्रियं तयार करणारी, असा तिच्या पदवीचा अर्थ. तिनं हातमोजे, मास्क, पायमोजे सगळं त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. ओझरतं कुरवाळू नका, अशा बाळांना ते बोचतं, घट्ट आणि सावकाश दाबा. नाचणी, भिजवलेले तांदूळ, दोडक्याची वाळलेली जाळी, अम्मांची जुनी साडी, ओला टॉवेल असं एकेक समोर ठेवा. तिचं खेळणं हेच तिचं औषध आहे, असं रश्मी म्हणायची.

घरी येऊन मी हात धुतले, पुसले आणि तसेच उघडे हात घेऊन मुक्ताजवळ गेले. अकरा महिन्यांनी मी माझ्या मुलीला हात लावणार होते. तिच्या दंडावर तळहात ठेवला. ती नाचणीला किंचाळली होती त्याहून मोठ्यानं किंचाळली.

असं रोज झालं. अम्मांचे हात गुडघ्यांवरून मांड्यांवर, तिथून पोटावर गेले आणि एके दिवशी अम्मांनी पोटावर फुंकर घातल्यावर मुक्ता खुदकन हसलीसुद्धा. माझे हात मात्र तिला चालेनात. चेहराही चालेना. मास्क काढलेली मी तिच्यासाठी कोणीतरी परकी बाई होते. एका रविवारी, अम्मा देवळात आणि रघु बाजारात गेलेला असताना, मी कपाटातला जुना मास्क लावला, रबरी हातमोजे चढवले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मुक्ता शांत झाली. तिनं सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले.

मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नाही. तिची आई ते रबर होतं.

मी हे रश्मीला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘‘मग तिथूनच निघू या. ग्लोव्हचं एक बोट कापा.’’ पहिल्या आठवड्यात करंगळीचं टोक कापलं. मुक्तानं चालवून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात अनामिका. तिसऱ्या आठवड्यात मधलं बोट कापलं आणि तिनं पुन्हा कमान केली. आम्ही मागे गेलो, पुन्हा पुढं आलो, पुन्हा मागे गेलो. दोन महिने दोन बोटांपलीकडे गाडी सरकली नाही. दरम्यान मुक्ता टेकून बसायला शिकली, पोटावर सरपटायला लागली, अम्मांच्या हातचा पातळ भात गिळायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता. व्हायचा नाही. आपल्याशिवाय हिचं बरं चाललंय, असं वाटून मी कारखान्यात मुद्दाम जास्त वेळ थांबू लागले. एकदा रघु म्हणाला, ‘‘तू पण हिला घाबरतेस काय?’’ ते खरं होतं.

तेव्हा रश्मीनं सगळे प्रयोग थांबवले. ‘‘तुम्ही तिला हात लावू नका. हात नुसता ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘चटईवर तिच्याशेजारी आडवं व्हायचं. एक हात उताणा ठेवायचा. तिला बोलवायचं नाही, हात हलवायचा नाही, तिच्याकडे टक लावून बघायचंही नाही. घ्यायचा की नाही ते ती ठरवेल.’’

‘‘आणि नाही घेतला तर?’’

‘‘तर नाही,’’ रश्मी म्हणाली.

कामावरून आले की वीस मिनिटं मी चटईवर पडून राहायचे. मुक्ता माझ्या हाताला वळसा घालून जायची. चटईवर काहीतरी ओलं पडलं असावं तशी. मला कधी झोप लागायची, कधी राग यायचा. कधी तो हात माझा नाहीच असं वाटायचं. पावसाळा संपला, दसऱ्याला रघुच्या बहिणी येऊन गेल्या, थंडी पडली. मी पडून होते.

ज्यांच्या घरी असं लवकर आलेलं बाळ असेल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. हात धुवा, आजारी माणसाला लांब ठेवा, डॉक्टरांचं ऐका, हे सगळं खरंच आहे. पण हॉस्पिटलमधली पाटी हॉस्पिटलसाठी असते. घरी जाताना विचारा, आता काय करायचं? न लाजता विचारा. तुम्हाला विषयातलं कळत असेल तर दुप्पट विचारा, कारण आपण विचारत नाही. बाळाच्या हातात मोजे घालून ठेवू नका. त्याला तोंडात मुठी घालू द्या, चादर ओढू द्या, भात सांडू द्या. आणि घरात एखादं माणूस तुमची आज्ञा मोडून बाळाचे पाय चोळत असेल तर त्याच्या पाया पडा. मी अजून पडलेली नाही. अम्मांना ते आवडणार नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे, मला अजून त्यांच्या डोळ्यांत नीट बघता येत नाही.

मुक्ता चालेल की नाही ते आजही ठाऊक नाही. तिला बोलता येत नाही. पायांना प्लास्टिकचे साचे आले आहेत. कोणी विचारलं, सगळं ठीक होईल ना, तर मी नाही म्हणते. लोकांना ते आवडत नाही.

एका संध्याकाळी मी अशीच पडले होते. मुक्ता दीड वर्षाची होऊन महिना झाला होता. अम्मांनी माझ्या पलीकडे डब्याचं एक झाकण गरागरा फिरवलं. मुक्ताला ते हवं होतं. ती सरपटत आली, वळसा घालू लागली, पण त्या बाजूला उशी होती आणि झाकण घरंगळत लांब चाललं होतं. मधे माझा हात होता. ती थांबली. मग जमिनीवर टेकावा तसा तिनं आपला पंजा माझ्या तळहातावर टेकला, त्यावर सगळं वजन टाकलं आणि पाय ओढत पलीकडे गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला आधाराला काहीतरी हवं होतं आणि तिथं मी होते. मी हलले नाही.

तिचं वजन जेमतेम दोन श्वासांपुरतं माझ्या हातावर होतं. पाची बोटं उघडी होती. ती गेल्यावर माझा तळहात ओला होता. मुक्ताचे हात घामट आहेत. माझ्या मुलीबद्दलची ही गोष्ट मला ती दीड वर्षाची होऊन गेल्यावर कळली.